प्रबंधातील ऑनलाइन चित्रे : संदर्भ, श्रेय आणि परवानगी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोल्हापूर आणि परिसरातील महाविद्यालयांत लघुशोधप्रबंध, पीएच.डी.चा प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. पुस्तकातले वाक्य उद्धृत केले की पान क्रमांकासह तळटीप द्यायची, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र तेच विद्यार्थी, आणि कधीकधी त्यांचे मार्गदर्शकही, ‘सौजन्य : इंटरनेट’ एवढ्यावर थांबतात. चित्र हाही पुराव्याचाच एक प्रकार आहे. ते कोणी, केव्हा आणि कशाचे काढले हे वाचकाला तपासून पाहता येत नसेल, तर त्या पुराव्याला किंमत उरत नाही, ही भूमिका धरून पुढची उत्तरे लिहिली आहेत.

चित्र केवळ पान भरलेले दिसावे म्हणून घातले आहे. त्यालाही संदर्भ लागतो का?

लागतो, पण त्याआधी ते चित्र खरोखर हवे आहे का, हे ठरवावे. मजकुरातल्या एकाही विधानाला आधार न देणारे चित्र काढून टाकणे हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. याउलट तुम्ही खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपावर लिहीत असाल आणि त्याच्या छतातील वर्तुळाकार मोकळ्या जागेभोवती खांबांची रचना कशी आहे हे सांगत असाल, तर चित्राशिवाय तो परिच्छेद अपुरा राहील. तिथे चित्र अवश्य द्यावे, मजकुरात ‘आकृती ३ पाहा’ असा उल्लेख करावा आणि संदर्भ पूर्ण लिहावा. मजकुरात उल्लेखच नसलेली आकृती परीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

‘सौजन्य : गुगल’ असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. गुगल हे चित्र शोधण्याचे साधन आहे, चित्राचे ठिकाण नव्हे. पुस्तक ग्रंथालयाच्या तालिकेत सापडले म्हणून आपण संदर्भसूचीत तालिकेचे नाव लिहीत नाही. लेखकाचे आणि प्रकाशकाचे लिहितो. शोधनिकालात दिसणाऱ्या छोट्या चित्रावरून मूळ पानावर जायचे, ते पान पूर्ण वाचायचे आणि चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, तारीख, परवान्याची नोंद यांपैकी काय दिले आहे ते पाहायचे, हा किमान क्रम आहे.

पुष्कळदा ते पानही मूळ नसते. पर्यटनाच्या संकेतस्थळांवरची पन्हाळ्याची किंवा रंकाळ्याची छायाचित्रे दुसरीकडून उचललेली असतात, आणि पिंटरेस्टवर तर बहुतेक सगळेच दुसरीकडचे असते. अशा वेळी गुगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनात चित्र टाकून उलटा शोध घ्यावा, म्हणजे चित्रावरून ते आणखी कुठे आहे ते शोधावे. टिनआयमध्ये निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. सर्वांत जुनी नोंद मूळ असेलच असे नाही, पण शोधाची दिशा तिच्यावरून मिळते. सर्वांत मोठ्या आकाराची, न कापलेली प्रत कुठे आहे तेही पाहावे, कारण नक्कल करणारे बहुधा कडेचे नाव कापून चित्र पुढे वापरतात. या कामाला वेळ लागतो, तरी तो द्यायलाच हवा. या शोधातच अनेकदा कळते की ज्याला आपण पन्हाळ्याचा तीन दरवाजा समजत होतो, तो दुसऱ्याच एखाद्या किल्ल्याचा दरवाजा आहे.

चित्र व्हॉट्सॲपवर आले आहे आणि पाठवणाऱ्यालाही ते कुठून आले ते ठाऊक नाही. मग काय करावे?

आधी वरच्याप्रमाणे उलटा शोध घ्यावा. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवलेल्या फाइलमधली तारीख, ठिकाण, कॅमेरा यांची आतली माहिती निघून जाते, त्यामुळे फाइल उघडून फारसे काही हाती लागत नाही. शोधूनही मूळ सापडले नाही, तर ते चित्र पुरावा म्हणून वापरू नये. पुराच्या छायाचित्रांबाबत तर फारच जपावे. पंचगंगेच्या २०१९ च्या महापुराची छायाचित्रे नंतरच्या पावसाळ्यांत नव्या तारखेने फिरताना दिसतात. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्या प्रकरणातले एखादे विधान या आकड्यांवर उभे असेल आणि सोबतचे छायाचित्र भलत्याच वर्षाचे निघाले, तर त्या प्रकरणातल्या बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. चित्र हेच अभ्यासाचा विषय असेल, उदाहरणार्थ पुराच्या काळातील अफवांवर तुम्ही लिहीत असाल, तर मात्र ‘मूळ निर्माता अज्ञात, व्हॉट्सॲपवर प्राप्त’ असे स्पष्ट लिहून आणि मिळाल्याची तारीख देऊन ते वापरता येईल.

संदर्भात नेमकी कोणती माहिती असावी?

चित्र करणाऱ्याचे नाव, चित्राचे शीर्षक, ते केले त्याची तारीख, चित्राचा प्रकार (छायाचित्र, रंगचित्र, नकाशा, पोस्टर), ते ज्या संकेतस्थळावर आहे त्याचे नाव, थेट त्या पानाचा दुवा आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख. शीर्षक नसेल तर चित्रात काय दिसते याचे साधे वर्णन चौकोनी कंसात लिहावे. दुवा देताना चित्राच्या नुसत्या फाइलचा देऊ नये, माहितीसह असलेल्या पानाचा द्यावा. नुसत्या फाइलवर ना नाव असते ना परवाना.

वस्तूच्या छायाचित्रात माहितीचे दोन थर असतात आणि चुका बहुतेक इथेच होतात. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी या प्राचीन वसाहतीच्या जागी सापडलेली आणि टाऊन हॉलमधील संग्रहालयात ठेवलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती घ्या. रोमन जगाशी कोल्हापूरच्या असलेल्या व्यापारी संबंधांचा विषय निघाला की तिचे छायाचित्र हमखास वापरले जाते. त्याखाली ‘पोसायडन, छायाचित्र : अमुक’ एवढेच लिहिले तर मूर्तीविषयी काहीच कळत नाही, ‘पोसायडन, टाऊन हॉल संग्रहालय, कोल्हापूर’ एवढेच लिहिले तर छायाचित्रकार गायब होतो आणि ते छायाचित्र तुम्हीच काढले असा समज होतो. म्हणून आधी वस्तूची माहिती (काय आहे, कशाची आहे, कुठे सापडली, आता कुठे आहे) आणि मग छायाचित्राची माहिती (कोणी काढले, केव्हा, कुठे प्रसिद्ध आहे, कोणत्या परवान्याखाली) असा क्रम ठेवावा. मूर्ती अनेक शतके जुनी असली तरी तिचे छायाचित्र गेल्या वर्षीचे असू शकते, आणि त्यावर छायाचित्रकाराचा हक्क असतो. रंगचित्राच्या छायाचित्रालाही हेच दोन थर लागू होतात. तिथे चित्रकाराचे नाव, माध्यम आणि आकार मिळाल्यास तेही लिहावे.

एपीए, एमएलए की शिकागो? मराठी प्रबंधाला संदर्भलेखनाची कोणती पद्धत लावायची?

तुमच्या विद्यापीठाने किंवा विभागाने जी सांगितली असेल ती. सर्वसाधारणपणे सामाजिक शास्त्रांत एपीए, भाषा-साहित्यात एमएलए आणि इतिहास-कलेतिहासात शिकागो चालते. एकदा पद्धत ठरली की शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवावी. परीक्षकाला पद्धतीची निवड खटकत नाही, सरमिसळ खटकते.

दिसण्यातला मुख्य फरक असा की एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार आकृतीचा क्रमांक आणि शीर्षक चित्राच्या वर येतात आणि श्रेयाची टीप खाली येते, तर एमएलए आणि शिकागो पद्धतींत क्रमांक व मथळा दोन्ही चित्राखाली येतात. शिकागो पद्धतीत ऑनलाइन चित्राची माहिती बहुधा मथळ्यात किंवा टिपेत दिली की पुरते. संदर्भसूचीत ती पुन्हा देण्याची सक्ती नसते. एपीए पद्धतीत मात्र दुसऱ्याचे चित्र छापले की टीप आणि संदर्भसूची या दोन्हींत नोंद हवी.

एक नमुना पाहू. समजा, विकिमीडिया कॉमन्सवर (खुल्या परवान्याच्या चित्रांचे ऑनलाइन भांडार) ‘सह्याद्री२१’ या सदस्यनावाने कोणी स्वर्गमंडपाचे छायाचित्र चढवले आहे (हे नाव आणि पुढील तपशील केवळ उदाहरणासाठी आहेत). एपीएच्या वळणाने संदर्भसूचीतील नोंद अशी होईल :

सह्याद्री२१. (२०१८, १४ जानेवारी). *कोपेश्वर मंदिर, खिद्रापूर : स्वर्गमंडपाचे छत* [छायाचित्र]. विकिमीडिया कॉमन्स. (यापुढे पानाचा पूर्ण दुवा)

आणि चित्राखालची टीप अशी :

टीप. कोपेश्वर मंदिर, खिद्रापूर, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. छायाचित्र : सह्याद्री२१, २०१८, विकिमीडिया कॉमन्स. क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश–समवितरण ४.० परवाना. मूळ चित्राची उजवी कडा कापली आहे.

खरे नाव दिलेले नसेल तर सदस्यनाव जसेच्या तसे लिहावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. नाव रोमन लिपीत असेल तर ते रोमनमध्येच ठेवावे, कारण वाचक ते शोधणार आहे तो त्याच अक्षरांनी. मराठी नोंदी अकारविल्हे आधी आणि इंग्रजी नोंदी नंतर अशी विभागणी अनेक विभागांत रूढ आहे. ती सोयीची आहे.

आकृत्यांची सूची वेगळी द्यावी लागते का?

प्रबंधात द्यावी. अनुक्रमणिकेनंतर क्रमांक, छोटा मथळा आणि पान क्रमांक एवढेच पुरते. संपूर्ण संदर्भ तिथे पुन्हा लिहू नये.

विकिमीडिया कॉमन्सवरचे सगळे फुकट आहे, मग श्रेय कशाला?

पैसे लागत नाहीत हे खरे, पण अटी असतात आणि त्यांतली पहिली अट बहुतेक वेळा श्रेयाचीच असते. कॉमन्सवरील प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत, म्हणजे निर्मात्याने इतरांना वापराची मुभा देण्यासाठीच्या तयार परवान्यांत, चार अटींची वेगवेगळी जुळणी असते : श्रेय द्या, बदल करून वाटलेत तर त्याच परवान्याखाली वाटा (समवितरण), व्यापारी वापर करू नका, बदललेली प्रत वाटू नका. यांपैकी शेवटच्या दोन अटी असलेली चित्रे कॉमन्स स्वीकारत नाही, पण फ्लिकरसारख्या ठिकाणी ती भरपूर आढळतात. श्रेय देताना शीर्षक, निर्मात्याचे नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवान्याचे नाव (आवृत्ती क्रमांकासह) लिहावे, आणि बदल केला असल्यास तसे नमूद करावे.

‘समवितरण’ अट असलेले चित्र घेतले तर सगळा प्रबंधच त्या परवान्याखाली जाईल, अशी धास्ती काही विद्यार्थ्यांना वाटते. चित्र जसेच्या तसे मजकुराशेजारी ठेवले असेल तर साधारणपणे तसे होत नाही. त्या चित्रावर काम करून नवे चित्र तयार केले असेल तर त्या नव्या चित्राला अट लागू होते. ‘व्यापारी वापर नको’ ही अट प्रबंधात सहसा अडत नाही, मात्र पुढे प्रबंधाचे पुस्तक करून विकायचे ठरले की अडते. ज्यांच्या मनात पुस्तकाचा विचार आहे त्यांनी ही गोष्ट पहिल्या मसुद्यापासूनच लक्षात ठेवावी.

शून्य परवान्याखाली, म्हणजे सर्व हक्क सोडून दिलेली, चित्रेही असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील प्रताधिकारमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा अशा खुल्या केल्या आणि त्यांत भारतीय लघुचित्रेही आहेत. तिथे कायद्याने श्रेय बंधनकारक नाही, पण अभ्यासकाने संदर्भ द्यायलाच हवा. कायद्याची सूट मिळाली म्हणून वाचकाला उत्तर देण्याची जबाबदारी सरत नाही.

संदर्भ दिला म्हणजे परवानगीची गरज उरत नाही, बरोबर ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. संदर्भ देणे ही अभ्यासाची शिस्त आहे आणि परवानगी घेणे हा कायद्याचा प्रश्न आहे. एक पाळले म्हणून दुसरे आपोआप पाळले जात नाही.

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये ‘न्याय्य वापरा’ची तरतूद आहे. खासगी वापर, ज्यात संशोधन येते, आणि समीक्षा किंवा परीक्षण यांसाठी केलेला न्याय्य वापर हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनालाही त्याच कलमात वेगळी मुभा आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या खटल्यात (अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती देण्याविषयीच्या) दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या मुभेचा अर्थ बराच व्यापक लावला. वर्गातले सादरीकरण किंवा अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प बहुधा या चौकटीत बसतो.

पीएच.डी.चा प्रबंध मात्र आता कपाटात राहत नाही. तो ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या) ऑनलाइन भांडारात चढतो आणि जगातला कोणीही तो उघडून पाहू शकतो. त्यामुळे ‘मी तर फक्त संशोधनासाठी वापरले’ हा युक्तिवाद तिथे तितका भक्कम राहत नाही. तुम्ही चित्राची चर्चा करत असाल, म्हणजे रचनेवर, रंगांवर, त्यातल्या दाव्यावर काही म्हणत असाल, तर समीक्षेसाठी केलेल्या वापराचा आधार चांगला मिळतो. चित्र नुसतेच सोबत ठेवले असेल तर तो आधार कमकुवत होतो. माझे मत असे, की व्यावसायिक छायाचित्रकाराचे, वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचे किंवा एखाद्या हयात चित्रकाराचे काम असेल तर परवानगी मागून घ्यावीच. कोल्हापुरातले बहुतेक छायाचित्रकार आणि चित्रकार विद्यार्थ्याला आनंदाने होकार देतात, आणि त्या निमित्ताने चित्राविषयी जी माहिती मिळते ती कोणत्याही संकेतस्थळावर नसते.

आबालाल रहिमान किंवा बाबूराव पेंटर यांच्या चित्रांसाठी परवानगी लागते का?

भारतात चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आबालाल रहिमान १९३१ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांची मुदत केव्हाच संपली. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची मुदत २००४ अखेर संपली. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, त्यांची २०१४ अखेर. हे काम आता प्रताधिकारमुक्त आहे. चंद्रकांत मांडरे यांचे निधन २००१ मधले, म्हणून त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत राहील. एकाच शहरातले, एकाच परंपरेतले चित्रकार असूनही नियम असा वेगवेगळा लागू होतो, म्हणून प्रत्येक चित्रासाठी निर्मात्याचे मृत्युवर्ष तपासावे.

मुदत संपली तरी मूळ चित्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या संग्रहालयाच्या किंवा कुटुंबाच्या अटी असू शकतात. संकेतस्थळावरून उच्च दर्जाची प्रत उतरवताना तुम्ही त्या अटी मान्य केलेल्या असतात. त्या वाचाव्यात. आणि चित्रकाराचे नाव तर कधीच गाळू नये.

शाहू महाराजांची रंगीत छायाचित्रे फार छान मिळतात. ती वापरावीत का?

राजर्षी शाहू महाराजांचा काळ १८७४ ते १९२२ हा आहे आणि त्यांची त्या काळातली छायाचित्रे कृष्णधवल आहेत. आज जी रंगीत दिसतात ती कोणीतरी नंतर, बहुधा संगणकाच्या साहाय्याने, रंगवलेली असतात. फेट्याचा, वस्त्रांचा, अलंकारांचा जो रंग दिसतो तो रंगवणाऱ्याच्या किंवा संगणकाच्या अंदाजाने भरलेला असतो. एखाद्या विद्यार्थ्याने दरबारी पोशाखावर लिहिताना अशा चित्रातला रंग पुरावा म्हणून घेतला, तर त्याने इतिहासात एक नवीनच गोष्ट घुसवली असे होईल.

म्हणून शक्य असेल तिथे मूळ कृष्णधवल प्रतच वापरावी आणि ती कोणत्या संग्रहातून, कोणत्या ग्रंथातून किंवा कोणत्या संकेतस्थळावरून घेतली ते लिहावे. महाराजांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची प्रताधिकाराची मुदत संपलेली आहे. रंगीत प्रतच हवी असेल, उदाहरणार्थ आजच्या लोकस्मृतीवर किंवा जयंतीच्या फलकांवर लिहायचे असेल, तर मथळ्यात ‘मूळ छायाचित्र कृष्णधवल, रंगभरण नंतरचे, रंगवणारा अमुक (किंवा अज्ञात)’ असे निःसंदिग्ध लिहावे. हीच गोष्ट ‘स्पष्ट’ केलेल्या जुन्या छायाचित्रांची. चेहऱ्याचे बारकावे संगणकाने भरलेले असतील तर ते मूळ छायाचित्रात नव्हतेच.

नवा राजवाडा, भवानी मंडप किंवा चौकातले पुतळे यांची छायाचित्रे तर सार्वजनिक आहेत ना?

वास्तू सार्वजनिक ठिकाणी दिसते, छायाचित्र कोणाचे तरी असते. कायद्यानुसार वास्तूचे आणि सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा वास्तुकाराच्या किंवा शिल्पकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. पण दुसऱ्याने काढलेले छायाचित्र उचलायला त्यामुळे मुभा मिळत नाही. भवानी मंडपापर्यंत चालत जाऊन स्वतः छायाचित्र काढणे शक्य असताना इंटरनेटवरून घेण्यात काही अर्थ नाही.

स्वतः काढलेल्या छायाचित्राला संदर्भ लागतो का?

संदर्भसूचीत नोंद लागत नाही. मथळ्यात ‘छायाचित्र : संशोधक’ आणि ठिकाण-तारीख लिहावी. तालमीतले पैलवान, गुऱ्हाळावरचे कामगार, चप्पल करणारे कारागीर यांची छायाचित्रे असतील तर त्यांची संमती घ्यावी आणि प्रबंध ऑनलाइन दिसणार आहे हेही त्यांना समजावून सांगावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी.

उपग्रहचित्रे आणि नकाशे यांचा संदर्भ कसा द्यायचा?

भूगोलाच्या प्रबंधांत ‘स्रोत : गुगल अर्थ’ एवढेच सर्रास दिसते आणि ते अपुरे आहे. गुगल अर्थवरचे दृश्य एका दिवसाचे नसते. वेगवेगळ्या पुरवठादारांनी वेगवेगळ्या तारखांना घेतलेल्या चित्रांची ती जोडणी असते. म्हणून चित्र घेतल्याची तारीख (खालच्या कडेला दिसते ती), पुरवठादारांची नावे आणि तुम्ही पाहिल्याची तारीख या तिन्ही लिहाव्यात, आणि स्क्रीनशॉट घेताना खालची श्रेयाची ओळ कापू नये. ती ठेवण्याची अट वापराच्या नियमांतच आहे. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या चित्रालाही उपग्रहाचे नाव आणि तारीख हवी.

पुराच्या अभ्यासात आणखी एक बाब येते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या खोऱ्यावर ढग असतात, त्यामुळे साधी उपग्रहचित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत आणि ढगांच्या आरपार पाहणाऱ्या रडारची, म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांची, चित्रे वापरावी लागतात. ती मोफत आहेत, पण त्यांवर प्रक्रिया करून नकाशा केला असेल तर ‘कोपर्निकस सेंटिनेलची सुधारित माहिती समाविष्ट’ अशी नोंद वर्षासह देणे बंधनकारक आहे. पुढे ‘नकाशा : संशोधक’ असे लिहून तुमचे काम कुठून सुरू झाले ते दाखवावे.

चित्र कापले, बाण काढले किंवा दोन चित्रे एकत्र केली तर?

ते सांगावे. ‘मूळ चित्रावर बाण व अक्षरे संशोधकाची’ एवढी ओळ पुरते. प्रकाश-छाया बदलून एखादा शिलालेख वाचनीय केला असेल तर तेही लिहावे. बदल करू न देणाऱ्या परवान्याचे चित्र असेल तर त्याला हात लावू नये. दोन चित्रे जोडली असतील तर ‘अ’ आणि ‘आ’ अशी खूण करून दोघांचे श्रेय वेगवेगळे द्यावे.

जुन्या चित्रपटातले दृश्य यूट्यूबवरून घेतले तर?

प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, त्यामुळे हा प्रश्न इथे स्वाभाविकपणे येतो. चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, निर्मितिसंस्था, वर्ष आणि त्या दृश्याची वेळ तास-मिनिट-सेकंदांत लिहावी. मग ज्या वाहिनीवर पाहिले तिचे नाव आणि दुवा. वाहिनीचा मालक हा चित्रपटाचा निर्माता नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेले चित्र वापरता येईल का?

आधी विभागाचा नियम विचारावा. परवानगी असेल तर साधनाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि तुम्ही दिलेली सूचना नोंदवावी. एपीए पद्धतीत साधन तयार करणारी कंपनी लेखकाच्या जागी येते. एमएलए पद्धतीत साधनाला लेखक मानत नाहीत आणि दिलेल्या सूचनेचे वर्णन शीर्षकाच्या जागी येते. ऐतिहासिक विषयात असे चित्र वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ब्रह्मपुरीची प्राचीन वसाहत ‘अशी दिसत असेल’ म्हणून तयार केलेले चित्र एकदा प्रबंधात छापले गेले की काही वर्षांनी दुसरा विद्यार्थी तुमच्याच प्रबंधाचा संदर्भ देऊन ते पुरावा म्हणून वापरेल.

दुवा काही महिन्यांनी बंद पडला तर?

पडतोच, म्हणून तयारी आधीच करावी. चित्र सापडले त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये ते पान जतन करावे आणि त्या जतन प्रतीचा दुवाही नोंदवावा. स्वतःजवळ संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा, ज्यात पत्ता आणि परवाना दोन्ही दिसतील. पाहिल्याची तारीख सगळ्याच पद्धतींत सक्तीची नाही, तरी ती लिहावी.

परवानगी मागताना काय लिहायचे?

थोडक्यात आणि नेमके. उदाहरणार्थ : ‘सप्रेम नमस्कार. मी अमुक विभागात पीएच.डी.साठी कोल्हापुरातील जलाशयांच्या चित्रणावर काम करत आहे. आपण अमुक तारखेला प्रसिद्ध केलेले रंकाळ्याचे छायाचित्र (दुवा सोबत) प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात वापरू इच्छितो. प्रबंध शोधगंगावर सर्वांसाठी खुला राहील. छायाचित्राखाली आपले नाव कसे लिहावे, आणि ते केव्हा काढले, हे कळवल्यास आभारी राहीन. पुस्तकरूपाने प्रकाशन झाल्यास स्वतंत्र परवानगी घेईन.’

उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे. फोनवर होकार मिळाला असेल तर ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ असा एक संदेश पाठवून त्याला दुजोरा घ्यावा. उत्तर आलेच नाही तर त्याला होकार समजू नये.

साहित्यचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर चित्रे पकडत नाही, मग काळजी कशाची?

ही सॉफ्टवेअर प्रामुख्याने मजकूर जुळवतात, हे खरे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साहित्यचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे अशी आहे, आणि चित्र त्यातून वगळलेले नाही. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही हा नियम मजकुरातील साम्यासाठी आहे. त्याचा आधार घेऊन दहा चित्रे विनाश्रेय वापरता येत नाहीत. मौखिकीत परीक्षकाने एका चित्रावर बोट ठेवून ‘हे कुठले?’ असे विचारले, तर तिथे सॉफ्टवेअरचा अहवाल कामी येत नाही.

मार्गदर्शक म्हणतात की इतका तपशील नको. मग?

मथळा छोटा ठेवा आणि पूर्ण तपशील परिशिष्टात ‘आकृत्यांचे स्रोत’ या शीर्षकाखाली द्या. पानावर गर्दी नको हा आग्रह रास्त आहे आणि तो असा सांभाळता येतो. निर्मात्याचे नाव मात्र चित्राखालीच राहू द्या.